1935 चा कायदा फैजपूरनं नाकारला होता

26 जानेवारी जवळ आली की धुळे-जळगावकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सार तेच. संविधान म्हणजे इंग्रजांनी भारताच्या कारभारासाठी केलेल्या 1935 च्या कायद्याची नक्कल, उरलेलं परदेशातून उचललेलं. जनतेला कुणी विचारलं नाही. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द मागाहून घुसडला. आणि खेड्यातल्या माणसाला या पुस्तकाचा काडीचा उपयोग नाही. ज्यांची पोरं शाळेच्या परिपाठात उद्देशिका म्हणतात, त्यांच्याच मोबाइलवरून हे पुढं येतं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी नक्कल. 1935 च्या कायद्यातला कारभाराचा बराच तपशील संविधानात आला, हे खरंच आहे. पण ते काही कुणी आता उकरून काढलेलं गुपित नाही. 4 नोव्हेंबर 1948 ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी भर सभेत ते सांगितलं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, घटनेच्या मूळ कल्पनांवर कुणाची मालकी नसते, हेही बजावलं. आता त्या कायद्यात काय नव्हतं ते बघा. मूलभूत हक्क नव्हते. सगळ्यांना मत नव्हतं. शेतसारा, मालमत्ता, शिक्षण असल्या अटींत जो बसेल त्यालाच ते मिळायचं. मतदारसंघ धर्मावर वेगळे पाडलेले होते. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार गव्हर्नर जनरलनं आपल्या हातात ठेवलेले. संविधानानं कलम 17 नं अस्पृश्यता बंद केली आणि कलम 326 नं प्रत्येक प्रौढाला मत दिलं. शेवटचं कलम तर मेसेज लिहिणाऱ्यानं पाहिलेलंच दिसत नाही. कलम 395 : या कलमानं 1935 चा तो कायदाच रद्द केला.

आणि खान्देशातल्या माणसानं हा नकलेचा मेसेज पाठवावा, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नव्या कायद्याखालच्या प्रांतिक निवडणुका तोंडावर आलेल्या. त्या लढवायचं ठरलेलं असूनही फैजपूरच्या ठरावानं तो कायदा साफ नाकारला. भारताची घटना ठरवण्याचा अधिकार प्रौढ मतदानानं निवडलेल्या संविधान सभेलाच, अशी मागणी तिथं झाली. शेतसारा आणि जमिनीचा खंड कमी करा, कर्जाच्या ओझ्यातून शेतकऱ्याला सोडवा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी द्या, हा शेतीचा कार्यक्रमही याच अधिवेशनातला. म्हणजे ज्या कायद्याची नक्कल केली म्हणतात, त्याला नकार देणारा ठराव आपल्याच मातीत झाला. फैजपूरच्या मांडवांची, कमानींची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी केली होती, गांधीजींच्या सांगण्यावरून, बांबू आणि गावात मिळेल त्या सामानातून. पुढं संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची पानं चित्रांनी सजली तीही याच नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांच्या हातून. जळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत हे सांगायला हवं.

जनतेला विचारलं नाही, या म्हणण्यात थोडं तथ्य आहे आणि ते मी झाकणार नाही. फैजपूरची मागणी प्रौढ मतदानाची होती. 1946 ची संविधान सभा मात्र प्रांतांच्या विधानसभांनी निवडली, आणि त्या विधानसभा मर्यादित मताधिकारावर आलेल्या होत्या. पण पुढचं का गाळता? फेब्रुवारी 1948 मध्ये मसुदा छापून लोकांसमोर ठेवला गेला. त्यावर 7,635 दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी 2,473 प्रत्यक्ष सभेत मांडल्या गेल्या. सभेत स्त्रियांची बाजू मांडणाऱ्या हंसा मेहता होत्या, आदिवासींची बाजू घेऊन उभे राहणारे जयपालसिंग मुंडा होते, आणि 1952 ला जळगावमधून लोकसभेवर गेलेले हरी विनायक पाटसकरही होते. याच पाटसकरांनी पुढं मंत्री म्हणून हिंदू वारसा कायदा संसदेत नेला, तो 1956 ला मंजूर झाला. बापाच्या मिळकतीत लेकीला वाटा मागता येतो, त्याची सुरुवात तिथली. संविधान लागू झाल्यावरच्या पहिल्या निवडणुकीत, 1951-52 मध्ये, मतदारांची संख्या सतरा कोटींवर गेली होती. सारा भरतोस का, हे त्यांतल्या एकालाही कुणी विचारलं नाही.

‘धर्मनिरपेक्ष’ शब्दाचं लवकर आटोपतो. तो उद्देशिकेत 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं आला, बरोबर. पण धर्मावरून भेदभाव करायचा नाही हे कलम 15, आणि ज्याला जो धर्म पाळायचा तो पाळू द्यायचा हे कलम 25, दोन्ही 1950 पासून जागच्या जागी आहेत. शब्द नंतर आला, तरतूद पहिल्या दिवसापासूनची.

राहिला उपयोग. “आपले काय करनं से?” असं पारावर म्हटलं जातं, त्याचं उत्तर सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, शिवाय साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली कितीतरी गावं पाचव्या अनुसूचीत येतात. आदिवासी भागांसाठीची ही अनुसूची संविधानातली. तिच्यातल्या भागांसाठीच ग्रामसभेला अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आला. भूसंपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करावा लागतो, गौण वनोपजावर, म्हणजे मोह-तेंदूपानांसारख्या जंगलातल्या मालावर, गावाचा हक्क येतो, तो या कायद्यामुळं. महाराष्ट्रात 2015 पासून पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेनं ठरवायचं असतं. ग्रामसेवकानं घरोघर वही फिरवून सह्या घेतल्या म्हणजे ग्रामसभा झाली असं होत नाही. तुमचं गाव या यादीत असेल तर पुढच्या ग्रामसभेला जा, बायाबापड्यांना सोबत न्या, आणि गेल्या वर्षीच्या अबंध निधीचं इतिवृत्त सगळ्यांसमोर वाचून दाखवायला सांगा.