कुमक नव्हे, कुमिक

'कुमिक' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली. 'कुमक' म्हणायचं असेल, वेढ्यात अडकलेल्या गडाला पाठवतात ती. मग कळलं, ही रशियाच्या दक्षिणेकडच्या दागिस्तानातली, कास्पियन समुद्राकाठची माणसं. भाषा तुर्की कुळातली. गंमत म्हणजे त्यांच्याकडे मदतीला 'कोमेक' म्हणतात आणि आपली 'कुमक' फारसीच्या वाटेनं त्याच तुर्की शब्दावरून आली. जमातीच्या नावाशी मात्र याचा संबंध मी जोडत नाहीये. तसले उद्योग करणारे पुष्कळ आहेत.

तेच खटकतं मला. कुमिकांबद्दल वाचायला घ्या, निम्मी शाई 'हे मूळचे कोण' यातच आटते. खझारांचे वंशज? किपचाकांचे? (दोन्ही जुन्या तुर्की टोळ्या.) की तुर्की बोलू लागलेले डोंगरी? असतील थोडे थोडे सगळेच! त्यांची खरी कमाई वेगळी आहे.

दागिस्तानात डोंगर ओलांडला की भाषा बदलते. अवार, दार्गिन, चेचेन या डोंगरी जमातींचे लोक एकमेकांशी बोलणार कसे? कुमिकमध्ये. कुणी सक्ती केली नव्हती. सपाटीची जमीन कुमिकांची, बाजार त्यांचे, आणि हिवाळ्यात डोंगरातले मेंढपाळ कळप घेऊन खाली त्यांच्याच कुरणांवर उतरायचे. पोटासाठी शिकलेली भाषा पक्की बसते. (एंदिरे या कुमिक गावच्या बाजारात माणसंही विकली जायची, तेव्हा उगाच हळवं व्हायला नको.) 1850 च्या दशकात तेरेक नदीकाठी आलेला तरुण टॉलस्टॉयसुद्धा ही भाषा शिकत होता. रशियन लोक तिला सरसकट 'तातार' म्हणत.

सामाईक भाषा सरकारच देतं, असं आपण धरूनच चालतो. इथे ती बाजारानं दिली आणि रशियाच्या सरकारनं मोडली. 1867 मध्ये तार्कीची शामखालशाही, म्हणजे कुमिकांचं जुनं राज्य, बरखास्त झाली. मग लिपी: 1920 च्या दशकाअखेर अरबी जाऊन लॅटिन, 1938 मध्ये लॅटिन जाऊन किरिल, म्हणजे रशियनची लिपी. आजोबाचं पत्र बापाला वाचता येईना, बापाचं नातवाला. 1944 मध्ये चेचेनांना मध्य आशियात हाकललं, आणि तार्की व शेजारच्या गावांतल्या कुमिकांना उचलून त्या रिकाम्या घरांत नेऊन बसवलं. काही वर्षांनी परतले तर जमिनी दुसऱ्यांकडे. तो तंटा अजून मिटलेला नाही.

2021 च्या जनगणनेत रशियात कुमिक साडेपाच लाखांच्या वर भरले. म्हणजे माणसं आहेत, वाढताहेत. तरी दागिस्तानची राजधानी माखाचकालाच्या बाजारात अवार आणि कुमिक भेटले की रशियनच बोलतात. 2018 च्या कायद्यानं शाळेत मातृभाषा ऐच्छिक केली. रशियनमुळे नोकरी मिळते, तेव्हा आईबापांना दोष कसा द्यायचा?

त्यांच्या वर्तमानपत्राचं नाव 'योल्दाश'. योल म्हणजे वाट, योल्दाश म्हणजे वाटेचा सोबती. सोव्हिएत काळात 'कॉम्रेड'साठीही हाच शब्द चालायचा. पेपर अजून निघतो, किरिलमध्ये.