पावणेतेवीस तोळे शिसं

जळगावात माणसं सोनं मोजून घ्यायला सराफ बाजारात जातात. मी मात्र आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली असताना सराफमामांचा काटाच घरी उचलून आणला, आणि त्यावर शिसं मोजलं.

2024 साली स्वप्नील कुसळेनं पॅरिसहून कांस्यपदक आणलं आणि माझ्यातला नेमबाज पंचेचाळिसाव्या वर्षी जागा झाला. एअर रायफल, दहा मीटर. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, बाजरीचा दाणासुद्धा त्याच्यापुढे थोराड! महिनाभरात माझा निशाण्याचा कागद शेवेच्या झाऱ्यासारखा दिसायला लागला. दोष अर्थातच छऱ्यांचा.

परदेशातले हौशी लोक काडतुसं घरीच भरतात, प्रत्येक गोळी सारखीच जावी म्हणून त्यातली दारू ग्रेनवर तोलतात. आपल्याकडे त्याला परवाना लागतो, आणि आमच्या स्वयंपाकघरातून तो मिळणं सरकारी परवान्याहून अवघड. म्हणून मी छऱ्यांवर भागवलं. ग्रेन म्हणजे मुळात जवाचा दाणा. आपल्या गुंजेचा विलायती मावसभाऊ. जुन्या तोळ्यात 96 गुंजा, ग्रेन 180. एक छर्रा 0.53 ग्रॅम, साडेचार गुंजांच्या आतबाहेर. डब्यात 500. म्हणजे पावणेतेवीस तोळे! एवढं सोनं असतं तर पंखा बंद केल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नसता.

पंखा बंद करावाच लागतो. मिलिग्रॅमच्या काट्याला वारा खपत नाही. बाहेर 44 अंश, खिडक्या लावलेल्या, आणि मी चिमट्यानं एकेक छर्रा पारड्यात ठेवतोय. 0.528. 0.531. 0.526. छऱ्याला मागं घागऱ्यासारखा घेर असतो, तो जरा चेपला असेल तर छर्रा बाद. श्वास सोडला की आकडा हलतो, नाकावरून घाम टपकला की पुन्हा शून्यापासून. वाट्या संपल्या तेव्हा ढीग आखाजीच्या सांजोऱ्यांसाठी काढलेल्या ताटात गेले. बायकोनं ते ताट तीनदा घासलं. शिसं ते, तिचं बरोबरच होतं.

आजी दारात टेकून बघत होती.

"सोनं शे का ते?"

"नही आजी, शिसं शे."

"मंग घाम कसाले गाळी राहिना?"

दुसऱ्या दिवशी क्लबात सरांनी रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळली. निवडलेले पाच छर्रे मारले: एकच भोक. मग न मोजलेल्या डब्यातले पाच: तेही एकच भोक, फार तर कडेला जरा फाटलेलं. मग सरांनी व्हाइस सोडवला, रायफल माझ्या हातात दिली आणि निवडलेलेच छर्रे पुढं केले. शेवेचा झारा.

सर काही बोलले नाहीत. पाणी प्यायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

घरी पंखा पाचावर फिरत होता. मी काटा खोक्यात भरायला घेतला.

"खराब काय निंघनं मंग?" आजीनं विचारलं.

"खांदा."

आजीनं काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आते बांधी ठेवू नको. त्यालेबी तोली टाक."