आठ आण्यांची मालकीण

गेल्या दिवाळीत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला आंब्याच्या धंद्यात भागीदार करून घेतलं. स्टॅम्पपेपर, नोटरी, दोन साक्षीदार, नफा-तोटा निम्मा निम्मा, सगळं रीतसर. सही करून पेनाचं टोपण लावताना अण्णा म्हणाले, "आता सगळं तूच बघ." आणि खरं सांगते, माणूस शब्दाला जागला. तेव्हापासून ते काही बघत नाहीत. त्यांना सगळे आणून दाखवतात. फवारणीवाला औषधाची बाटली दाखवतो, मुकादम तुडतुडे पडलेला मोहोर दाखवतो, वाशीचा दलाल व्हॉट्सॅपवर विक्रीच्या हिशेबाची पट्टी दाखवतो. अण्णा नुसते "हं" म्हणतात. त्या 'हं'वर आमची फर्म चालते.

परवा भर दुपारी आंबा भरायच्या रिकाम्या खोक्यांचा टेम्पो आला. कोल्हापूरहून फोंडाघाट उतरून आलेला, ड्रायव्हर घामाने निथळलेला. ऑर्डर माझी, पैसे मी पाठवलेले, बिलावर नाव माझं. मी शेडचं दार उघडून म्हटलं, "उतरवा."

"मालक कुठं हाईत?"

"मीच."

त्याने माझ्या मागे पाहिलं. मागे पेंढ्याचा ढीग होता. "तसं नसतंय ताई. मालकाची सही झाल्याबगर माल खाली करायचा न्हाई, आमच्या शेठनं सांगितलंय."

खोक्यांवर फर्मचं नाव आणि मोबाइल नंबर छापलेला आहे. म्हटलं, हा बघा नंबर, लावा. त्याने लावला. माझ्या हातातला फोन वाजला. मी तो त्याच्या डोळ्यांसमोर धरला. त्याने दोन्ही फोन आळीपाळीने पाहिले आणि समजुतीच्या स्वरात विचारलं, "मालकानं फोन तुमच्याकडं ठेवायला दिलाय व्हय?"

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पाच जिल्ह्यांतला हापूस तेव्हापासून कागदोपत्री अस्सल. आंब्याला कागद पुरतो. मला पुरत नाही.

आमच्या शेडच्या दारातच एसटीचा थांबा आहे. थांबा म्हणजे फणसाची सावली. तिथे एक आजोबा उभे होते. पांढरी टोपी, काखेत छत्री, हातात वायरची पिशवी. मी त्यांना जन्मात पाहिलेलं नव्हतं आणि त्यांनीही मला. पण भांडण दुसऱ्याचं असलं की आमच्याकडे ओळख लागत नाही. ते सावली सोडून टेम्पोपाशी आले.

"बापूस खय तुझो?"

"झोपलेत."

"मगे उठव."

"कशाला उठवू? मी भागीदार आहे."

आता आजोबांना रस वाटायला लागला. त्यांनी पिशवी खाली ठेवली. "किती आण्यांची?"

"आठ."

कोकणात हे गणित शिकवावं लागत नाही. नवे पैसे येऊन पिढ्या गेल्या, तरी वडिलोपार्जित घर असो, नारळाचं झाड असो की भांडण, वाटणी आण्यातच होते. आजोबांनी डोळे मिटून हिशेब केला आणि निकाल दिला, "मगे अर्धोच टेम्पो उतरून घे. तुझ्या आठ आण्याचो तू घी, बापाशीच्या आठ आण्याचो ऱ्हवांदे टेम्पोत. तो उठलो काय घेयत."

मला वाटलं थट्टा करतायत. पण ड्रायव्हर विचारात पडला होता. त्याने ताडपत्री वर करून आत पाहिलं आणि अडचण सांगितली. खोकी घडी करून गठ्ठ्यांनी येतात, तळ वेगळे, झाकणं वेगळी. त्याच्या गाडीत मागे तळ रचलेले, पुढे झाकणं. अर्धा माल उतरवला तर मला नुसते तळ मिळणार.

"चलात," आजोबा म्हणाले. "झाकाण बापाशीचाच आसता."

समोरून एसटी आली, थांबली, आजोबांनी हातानेच "जा" म्हटलं, गेली.

राग आला की मी कायदा वाचते. भागीदारीचा कायदा १९३२ सालचा आहे आणि झोप न येणाऱ्या माणसाने जरूर वाचावा असा आहे. कलम १२ म्हणतं, धंद्यातल्या नेहमीच्या बाबतीत मतभेद झाला तर बहुमताने ठरवावं, आणि ठरण्याआधी प्रत्येक भागीदाराला आपलं मत मांडायचा हक्क आहे. दोघांच्या फर्ममध्ये बहुमत कसं मोजायचं ते लिहिलेलं नाही. आमच्याकडे मोजतात: एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अण्णा आणि देवगड तालुका. याच कलमात हेही आहे की फर्मच्या वह्या बघायचा आणि त्यांची नक्कल घ्यायचा हक्क प्रत्येक भागीदाराला आहे. आमची वही अण्णांच्या उशीखाली असते. दुपारी एक ते चार त्या हक्कावर अण्णांचं डोकं असतं.

कलम ३० त्याहून बहारीचं. सगळ्यांची संमती असेल तर अल्पवयीन मुलालाही भागीदारीच्या फायद्यात घेता येतं. तोट्याला तो जातीने जबाबदार नाही. हे लिहिणाऱ्याने आमच्या चिरंजीवांना पाहिलं असावं. वय पंधरा. घरात हुकूमशाही नको म्हणून मी त्याला प्रत्येक गोष्टीत विचारते. "सुट्टीत कुठे जायचं, आपण मिळून ठरवू." तो मान वर न करता सांगतो, "तू ठरव. मग मी नाही म्हणतो."

शेडमध्येही तीच तऱ्हा. आंबा निवडायला दहा-बारा बायका येतात. या वर्षी मी सोमवारी सकाळी चहा ठेवून विचारायला सुरुवात केली: कामाची वेळ कोणती ठेवू, मजुरी आठवड्याला देऊ की रोजच्या रोज? सगळ्यांचं एकच उत्तर, "तुमी सांगशात तसा." शेवटी एक काकी बोलल्या. आंबा हातात घेऊन देठाशी नाक लावायचा, अंगठा गालावरून फिरवायचा, न दाबता, आणि वजनकाट्याकडे न बघता अडीचशे ग्रॅमचा की तीनशेचा ते सांगून त्या-त्या ढिगात टाकायचा, अशी त्यांची ख्याती. त्या म्हणाल्या, "ताई, इचारतास ता बरा आसा. पण अण्णा ओरडत तेवा चूक त्येंची आसायची. आता आमी सांगितला आनि आंबो नासलो तर चूक कोनाची?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि चहा निवला होता. भागीदारीचं नाव काढलं की सगळ्यांना प्रथम तोटा दिसतो, आणि ते बरोबरच आहे, कारण आजवर त्यांच्या वाट्याला नफा कोणी नेलाय कुठे? अण्णांचा आवाज चढलेला असायचा तेव्हा निदान सगळ्यांना कळायचं की कुणाकडे बघून गप्प बसायचं. १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती, म्हणजे कोकणातली खोतांची जमीनदारी, रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. ते रानातले खोत होते. घरातल्या खोताला तर कोणी हटवायला तयारच नाही. तो स्वतः पडवीत निवांत झोपलाय, घोरतोय, आणि बाकीचे त्याची गादी सांभाळून बसलेत. बँकेतले साहेबसुद्धा दोघांपैकी कोणाचीही सही चालते हे स्वतः वाचून दाखवतात आणि वर विचारतात, "अण्णा काय म्हणाले?" आमचा भागीदारीचा कागद म्हणजे पिवळाधमक हापूस आहे, आत साका आहे, गर बिघडलाय, ते कापल्यावरच कळतं.

तर टेम्पो. ऊन चढत होतं, ड्रायव्हर चाकाशी बसला होता आणि आजोबा त्याला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायची मासेमारी, समजावत होते. घाटावरच्या माणसाला समुद्र समजावायचा म्हणजे छत्रीने धुळीत चित्रं काढावी लागतात. हा दर्या, ही होडी, हे जाळं, ही दोन टोकं, दोन्हीकडे दोरी ओढणारी माणसं.

"दोरयेक हात लावता त्येका वाटो गावता. होडयेक वाटो, जाळ्याक वाटो. कोन कोनाचो नोकर नाय." मी मनात म्हटलं, चला, एक तरी माणूस माझ्या बाजूचा निघाला. इतक्यात त्यांनी छत्री माझ्याकडे रोखली. "पन आरड मारता तो एकच आसता. दोगांनी आरड मारल्यानी तर जाळा फाटता."

"मग मी मारते आरड," मी म्हटलं. "उतरवा टेम्पो!"

ड्रायव्हर हलला नाही.

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाले, "उतरव रे झिला. चेडू उन्हात उभा आसा."

आणि तो उठला! ज्या माणसाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, ज्याचा आमच्या धंद्यात एक पैचा वाटा नाही, जो फक्त एसटीची वाट बघत होता, त्याच्या एका शब्दावर तो उठला, फळी पाडली आणि गठ्ठे खांद्यावर घ्यायला लागला. मी बिल दाखवलं, फोन दाखवला, उद्या आधारकार्ड दाखवलं असतं. लागत होती फक्त पांढरी टोपी. कोल्हापूरच्या शेठने सांगितलेली मालकाची सहीसुद्धा आजोबांनीच केली, चलनावर, छत्री काखेत धरून, हात न कापता. मी पेन पुढे केलं होतं ते स्वतःसाठी. त्यांनी ते थँक्यू म्हणून घेतलं.

ते चलन आता फाइलला आहे. ऑडिटला काय सांगायचं ते अण्णांनी ठरवून ठेवलंय म्हणे. मला अजून सांगितलेलं नाही.

टेम्पो रिकामा झाला. एक गठ्ठा, सर्वात हलका, आजोबांनीही दारापर्यंत आणला होता. तो खाली ठेवून ते आत शिरले आणि आढीतल्या पिकायला आलेल्या आंब्यांकडे बघत उभे राहिले.

"दोरयेक हात लावलंय मा मी?"

काय बोलणार? मी अर्धा डझन काढले, चांगले बघून, वायरच्या पिशवीत घातले. पुढची एसटी वळणावर हॉर्न वाजवत होती. आजोबांनी पिशवी उचलली, पायरीपर्यंत गेले आणि थबकले. पिशवीतल्या आंब्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बापाशीक इचारून दिलंस मा गो?"