‘विक्रेत्याने लिहून दिलेला लेख’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘लाकूडप्रेमी’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

डेकच्या, म्हणजे घराबाहेरच्या फळ्यांच्या उघड्या ओट्याच्या, झिजलेल्या लाकडी फळ्या काढून सिंथेटिक (प्लॅस्टिक आणि लाकडाच्या भुशाच्या) फळ्या बसवण्यावर मी जो लेख लिहिला, त्याखाली आपण चार वाक्यं लिहिलीत. जुन्या सांगाड्यावर या फळ्या टाकल्या तर लवतात. उन्हात पाय भाजतात. लाकूड घासून पुन्हा नवं करता येतं, या फळ्यांचं तसं करता येत नाही. आणि चौथं, “लेख एखाद्या विक्रेत्याने लिहून दिल्यासारखा वाटतो.”

पहिल्या तिन्हींवर मतभेद असू शकतो, त्याचं काही वाटलं नाही. चौथ्याबद्दल मात्र बोलायलाच हवं.

मला आजवर कोणी एक फळी काय, एक स्क्रूसुद्धा फुकट दिलेला नाही. अख्ख्या लेखात एकाही कंपनीचं नाव नाही, शोधून बघा. आणि मला सांगा, माल खपवणारा माणूस असं लिहील का, की पोकळ फळीचं कापलेलं टोक टोपी लावून बंद केलं नाही तर आत पाणी शिरतं? या फळीत प्लॅस्टिकच्या जोडीला भरपूर लाकडाचा भुसा असतो, म्हणूनच वरून आवरण नसलेल्या सुरुवातीच्या फळ्यांवर बुरशीचे काळे ठिपके पडायचे, हे तो आपण होऊन सांगेल? फटींचं तर मी सविस्तर लिहिलंय. लाकूड ओल लागली की रुंदीत फुगतं, ही फळी तापली की लांबीत वाढते. पाच मीटरची फळी तीस अंशांच्या फरकात पाच-सहा मिलिमीटर सहज वाढू शकते. गारव्यात टोकाला टोक भिडवून बसवली की उन्हाळ्यात कमान होते. हे सगळं वाचलंत, की शीर्षक बघूनच प्रतिक्रिया ठोकलीत?

मुद्दा पटला नाही तर मुद्दा खोडावा. माणूस विकला गेलाय म्हणून मोकळं व्हायचं, हे फार सोपं आहे. त्यातून खरं नाव न लावता.

माझे वडील सुतार होते. रंध्यातून निघणाऱ्या सालपटांच्या ढिगात मी लहानाचा मोठा झालो, तेव्हा लाकडावर प्रेम कसं करावं हे मला शिकवू नका. माझ्या लाकडी डेकला मी अकरा वर्षं तेल पाजलं. आधी घासायचं, मग धूळ टिपायची, तेल लावायचं आणि दोन दिवस घरच्यांना पाय ठेवू द्यायचा नाही. एका वर्षी आजारपणात ते राहिलं. फळ्या करड्या पडल्या, उलल्या, स्क्रूंची डोकी वर आली आणि धाकटीच्या टाचेत लाकडाचं हे एवढं कुसळ गेलं. ते सुईने काढेपर्यंत तिने घर डोक्यावर घेतलं होतं. ‘घासून नवं करता येतं’ म्हणणाऱ्यांनी आधी गुडघे टेकून घासून बघावं. दर खेपेला फळी थोडी पातळ होते, आणि स्क्रूभोवती आतून कुजलेली फळी कितीही घासा, कुजकीच राहते. जुनं लाकूड आर्सेनिकच्या द्रावणात मुरवलेलं असेल तर त्याची धूळ अंगावर घेऊ नये, आणि ते जाळू तर मुळीच नये. लोकांना घासायचा सल्ला देताना हे सांगायचं तुमच्याकडून राहिलं बहुतेक.

एक चूक मान्य करतो, कारण मी हट्टी नाही. शीर्षकात ‘देखभालमुक्त’ लिहिलं होतं, ते ‘कमी देखभालीच्या’ असं हवं होतं. फटींत पानं-माती साचू दिली तर या फळ्यांवरही बुरशी धरते. अधूनमधून साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश लागतोच. शब्द बदलला आहे. हे आपण लिहिलेलं नव्हतं, माझं मलाच दिसलं.

पाय भाजण्याबद्दल काय लिहायचं? गडद फळी जास्त तापते, फिकी घ्या. चपला नावाची वस्तूही मिळते.

राहिलं लवण्याचं. ही फळी लाकडापेक्षा कमी ताठ असते हे कोणाला माहीत नाही? म्हणून तर खालच्या वाशांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ४० सेंटिमीटरच्या आत ठेवतात, आणि फळ्या तिरक्या टाकायच्या असतील तर ३०. हे फळ्यांबरोबरच्या पत्रकात छापलेलं असतं. प्रत्येक गोष्ट मीच भरवायची का? माझ्या सांगाड्यात हे अंतर ६० होतं. फळ्या उचकटल्यावर दर दोन वाशांच्या मधे एक नवा वासा घालावा लागला, दोन जुने कुजले होते तेही बदलले, आणि फळ्यांपेक्षा जास्त दिवस त्यातच गेले. लेख लांबत होता म्हणून तो भाग गाळला. आता घालतो आहे. तुमच्या सांगण्यावरून नव्हे, घालायचाच होता.