थर्मोस्टॅट काढल्याने जीप थंड होत नाही

आमच्या वाईच्या भाच्याच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी आहे, आणि त्याला कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मेसेज. जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन बसवलेल्यांसाठी 'तापण्यावर रामबाण' म्हणून तो सातारा-सांगलीकडे जीपवाल्यांत फिरतोय. मला तिघांकडून आला. त्यात लिहिलंय: थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारा वॉल, म्हणजे झडप) काढून टाका, कूलंट सोडा आणि साधं पाणी भरा, रेडिएटरचं टोपण सैल ठेवा म्हणजे प्रेशर होणार नाही, एवढं करूनही तापली तर मोठा रेडिएटर टाका.

भाच्याच्या जीपमध्ये टोयोटा क्वालिसचं 2446 सीसीचं डिझेल इंजिन आहे. थर्मोस्टॅट काढला, नळाचं पाणी भरलं आणि वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटाला लागला. अर्ध्यात काटा लाल रेघेला टेकला. तेव्हा याला 'टोपण सैल ठेवा' आठवलं. फडकं धरून टोपण फिरवलं आणि उकळतं पाणी हातावर आलं.

म्हणून आधी टोपणाचंच. प्रेशर हा दोष नाही, ती सोय आहे. पाचगणीच्या उंचीवर उघड्या भांड्यात पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. तेच पाणी 0.9 बार दाब धरणाऱ्या टोपणाखाली 115च्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. घाटात हीच वीस अंशांची ढील इंजिनाला वाचवते आणि मेसेज तीच काढून घ्यायला सांगतो. आणि 110 अंशांच्या पाण्यावरचं टोपण उघडलं की दाब एकदम उतरतो, पाणी जागच्या जागी उकळून उसळतं. वाफ जाईपर्यंत कुकरचं झाकण कुणी काढतं का? मग रेडिएटरचं का काढायचं? इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, वरचा होज पाईप हाताला सोसेल इतका निवेपर्यंत थांबा. अर्धा-पाऊण तास गेला तर जाऊ दे.

आता थर्मोस्टॅट. मेसेज म्हणतो, तो पाणी अडवतो म्हणून गाडी तापते. भाच्याने काढलेला वॉल मी घरी आणला, दोऱ्याला बांधून दुधाच्या पातेल्यात सोडला आणि शेजारी थर्मामीटर धरला. 86-87 अंशांना वरची चकती उचकायला लागली, पाणी खळखळेपर्यंत नखाएवढी फट पडली. पण बघायची होती ती खालची, दुसरी चकती. वरची उघडत जाते तशी ही खाली सरकते आणि बायपासचं भोक बंद करते. बायपास म्हणजे इंजिनातलं पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरवणारी वाट. वॉल काढला की ही वाट कायमची उघडी राहते. पाण्याला ती जवळची आणि सोपी, त्यामुळे बरंचसं गरम पाणी रेडिएटर न बघताच माघारी येतं. सपाटीला चालून जातं, चढाला मार खातं. टोयोटाच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये कूलिंगच्या प्रकरणात स्पष्ट बजावलंय की इंजिन तापत असलं तरी थर्मोस्टॅट काढू नका, काढल्याने कूलिंग उलट कमी होतं. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांचं ऐकायचं, की पुढे ढकललेल्या मेसेजचं?

ज्या जुन्या इंजिनांना असा बायपास नव्हता, तिथे वॉल काढल्यावर काटा खाली यायचा, हे मान्य. जुन्या मिस्त्रींनी ते डोळ्यांनी बघितलंय. पण ते इंजिन वेगळं होतं.

साध्या पाण्याचंही अर्धं खरं आहे. उष्णता वाहून न्यायला नुसतं पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरस असतं. पण त्याने आत गंज चढतो, आणि बोअरचं पाणी असेल तर क्षार बसून रेडिएटरच्या नळ्या बुजतात. अडचणीला घाला, नंतर काढून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरा.

मोठ्या रेडिएटरबद्दल एवढंच की आमच्या गाडीत तो पुरेसा मोठा होताच. बदललेलं इंजिन उंच बसलं होतं, रेडिएटरचं डोकं त्याच्या खाली राहिलं होतं. हवा सगळ्यात वरच्या जागी, म्हणजे नेमकी हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) अडकायची. हेड तडकण्याबद्दल हे इंजिन आधीच बदनाम. जीपचं तोंड चढाकडे करून उभी केली, हीटरचा कॉक उघडला आणि वरचा होज दाबत-सोडत पाणी भरत राहिलो. पंधरा मिनिटं बुडबुडे येत होते, त्यात आणखी सव्वा लिटर पाणी बसलं. मग कूलंटची बाटली बल्कहेडला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला), इंजिनापेक्षा वर लावली. पंखा आणि रेडिएटरमध्ये चार बोटं मोकळी जागा होती, तिथे पत्र्याचं श्राउड, म्हणजे पंख्याची हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं वेष्टण, करून घेतलं. वॉल नवा टाकला, टोपणही नवं.

मेसेज ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवलाय, त्यांनी निदान त्याच ग्रुपवर एवढं तरी लिहा: गरम रेडिएटरच्या टोपणाला हात लावू नका. भाच्याची पट्टी अजून दहा दिवस निघणार नाही.