वीज पडलेल्या माणसाला हात लावायचा असतो

गेल्या आठवड्यात पारोळ्याला मावशीकडे मुक्कामाला गेलो, तेव्हा तिच्या खाटेच्या पायथ्याशी तांब्याची एक उघडी तार दिसली. तिचे एक टोक पायाच्या घोट्याला अडकवण्यासाठी वेटोळे करून ठेवलेले होते आणि दुसरे टोक भिंतीवरच्या बोर्डात, तीन पिनांच्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या छिद्रात, आगकाडी ठोकून घट्ट बसवलेले होते. हे काय, असे विचारल्यावर मावशी म्हणाली, "आंगमा करंट भरेल शे भाऊ, मोबाईलमा येल शे तसं." तिच्या मोबाईलवर आलेला संदेश मी तिथेच उभ्याने वाचला. तो आमच्याच भावकीतल्या एका शिकलेल्या माणसाने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेला होता आणि त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागलेली होती.

संदेशाचा मथितार्थ असा. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, दाराच्या कडीला हात लावताच झटका बसतो, कारण मोबाईल आणि टॉवर यांची वीज शरीरात साठत जाते. सांधेदुखी, निद्रानाश आणि रक्तदाब ही तिचीच फळे आहेत. उपाय म्हणून तांब्याचे कडे घालावे, रात्री तांब्याची तार पायाला बांधून ती अर्थिंगला जोडावी आणि पहिल्या पावसात शेतात अनवाणी उभे राहावे. पेट्रोल पंपावर मोबाईल वाजला की ही साठलेली वीज पेट घेते. आणि शेवटी, ज्याच्या अंगावर आकाशातील वीज पडली आहे, त्याच्या शरीरात ती काही तास राहते, म्हणून त्याला शिवू नये. त्याला गळ्यापर्यंत शेणात किंवा ओल्या मातीत पुरावे, म्हणजे वीज उतरते.

मी गेली बावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. असे संदेश वाचून सोडून देण्याची सवय मला लागली होती, पण हा सोडून देता येत नाही. त्यातील शेवटच्या मुद्द्याने माणूस मरतो, म्हणून आधी तोच घेतो.

मी आठवीत असताना जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या शिवारात बांधावरच्या निंबाखाली थांबलेल्या एका सालदारावर वीज आली. आम्ही पोचलो तेव्हा तो उताणा पडलेला होता, पायातली एक चप्पल हातभर लांब जाऊन पडली होती आणि सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत टरकलेला होता. पंधरा-वीस माणसे त्याच्याभोवती कडे करून उभी होती आणि एकानेही त्याला हात लावला नव्हता. "शिवू नका, अंगात वीज आहे," असे जो तो दुसऱ्याला सांगत होता. कोणीतरी बैलगाडी घेऊन शेण आणायला गावाकडे गेले. गाडी परत येईपर्यंत अर्धा तास उलटला होता. तो वाचला असता की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. पण त्या अर्ध्या तासात त्याला वाचवण्याचा प्रयत्नच झाला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

शरीरात वीज साठून राहत नाही, याचे कारण बारावीच्या पुस्तकातील धारितेच्या, म्हणजे वस्तूवर किती विद्युतप्रभार साठू शकतो याच्या, धड्यातच आहे. माणसाचे शरीर म्हणजे मुख्यतः खारे पाणी, म्हणजेच वाहक. जमिनीवर पडलेल्या माणसाची विद्युत धारिता साधारण शंभर-दोनशे पिकोफॅरड इतकी अल्प असते आणि त्याच्या व जमिनीच्या मध्ये दहा लाख ओहमचा रोध आहे असे धरले, तरी त्याच्यावरचा सगळा प्रभार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत जमिनीत निघून जातो. पावसाने भिजलेल्या काळ्या जमिनीत तर त्याहूनही लवकर. विजेचा लोळ सुमारे ३०,००० अँपिअरचा प्रवाह घेऊन येतो हे खरे, परंतु तो सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता येतो आणि त्याचा बराचसा भाग पुष्कळदा घामाने किंवा पावसाने ओल्या झालेल्या कातडीवरूनच जमिनीकडे जातो. त्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते, म्हणून कपडे फाटतात आणि चप्पल उडते. गावकरी हात लावायला पोचेपर्यंत त्या शरीरात विजेचा अंशही उरलेला नसतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचनांतही हेच स्पष्ट लिहिलेले आहे: वीज पडलेल्या व्यक्तीच्या शरीरात विद्युतप्रभार नसतो, तिला स्पर्श करणे सुरक्षित आहे आणि तिला तातडीने प्रथमोपचार द्यावेत. वादासाठी वाद घालणाऱ्याने निदान ही सरकारी सूचना वाचावी.

मग माणूस मरतो कशाने? वीज अंगातून गेल्याबरोबर हृदय थांबते आणि मेंदूतील श्वासाचे केंद्र बधिर होते. हृदयाला स्वतःचा ठेका असल्यामुळे ते अनेकदा आपोआप पुन्हा चालू होते, पण श्वास त्याच्याबरोबर परत येतोच असे नाही. श्वास नसला की रक्तातला प्राणवायू संपतो आणि काही मिनिटांत हृदय दुसऱ्यांदा थांबते, या वेळी कायमचे. त्या मधल्या मिनिटांत कोणी तोंडाने श्वास दिला आणि छातीवर दाब दिला, तर माणूस परत येऊ शकतो. संदेश मात्र नेमक्या त्याच मिनिटांत त्याची छाती चिखलाखाली गाडायला सांगतो, म्हणजे दाबही देता येऊ नये आणि छाती वरही येऊ नये. याहून घातक सल्ला मी पाहिलेला नाही.

करायचे ते असे. ढग अजून डोक्यावर असतील, तर त्याला झाडापासून दूर, जवळच्या पक्क्या आडोशाला न्यावे. १०८ ला फोन लावावा. श्वास चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, साधारण पाच सेंटिमीटर छाती दबेल इतक्या जोराने ३० वेळा दाबावे, मग दोनदा तोंडाने श्वास द्यावा आणि मदत येईपर्यंत हे चालू ठेवावे. एकाच वेळी अनेक जण पडले असतील, तर जो कण्हतो आहे त्याचा श्वास चालू आहे. जो निपचित, मेल्यासारखा दिसतो, त्याच्याकडे आधी धावावे. इतर अपघातांत आपण याच्या उलट वागतो, म्हणून हे मुद्दाम ध्यानात ठेवावे लागते. देशात २०२२ या एका वर्षात वीज पडून २,८८७ माणसे गेल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे, आणि असे मृत्यू मुख्यतः शेतशिवारातच होतात.

'शिवू नका' ही समजूत कुठून आली असावी, हे मला कळते आणि तेवढे अर्धसत्य मी मान्य करतो. महावितरणची तार तुटून माणसाला चिकटलेली असेल, किंवा मोटारीच्या पेटीत त्याचा हात अडकलेला असेल, तर पुरवठा बंद केल्याशिवाय त्याला खरोखरच हात लावू नये, कारण तिथे प्रवाह अजून वाहतो आहे. आकाशातील वीज मात्र येऊन गेलेली असते. या दोन प्रसंगांची गल्लत माणसाच्या जिवावर उठते.

पहिल्या पावसात अनवाणी उभे राहण्याचा सल्ला याच मुद्द्याचे दुसरे टोक आहे. वीज जमिनीत शिरते तेव्हा पडल्या जागेपासून चहूबाजूंनी पसरते, आणि दोन पावलांमध्ये जेवढे अंतर जास्त, तेवढे त्यांच्यातले विभवांतर, म्हणजे व्होल्टचा फरक, जास्त. म्हणून एका झाडाखाली बांधलेली चार-चार जनावरे एकदम दगावतात. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर असते आणि हृदय त्याच वाटेवर येते. आपल्याकडे रोहिणी-मृगाचा पहिला पाऊस गडगडाटाशिवाय क्वचितच येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातील विजेची आगाऊ सूचना देते. ज्या मोबाईलवर हा संदेश फिरतो, त्याच मोबाईलवर ते फुकट घेता येते.

आता थंडीतला झटका. दोन पदार्थ एकमेकांना टेकून वेगळे झाले, की काही इलेक्ट्रॉन एकावरून दुसऱ्यावर जातात. पॉलिस्टरची साडी, लोकरीचा स्वेटर आणि प्लास्टिकची खुर्ची यांच्यात हे सतत घडते. पावसाळ्यात प्रत्येक वस्तूवर ओलाव्याचा पातळ थर असतो, त्यातून प्रभार झिरपून जातो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की तो जागेवरच राहतो, आणि कापूस वेचून आलेल्या बायांच्या पॉलिस्टरच्या सदऱ्यांना रुईचे तंतू झटकूनही सुटत नाहीत. मोबाईलचा किंवा टॉवरचा यात काडीचाही संबंध नाही. झटक्याच्या वेळी शरीरावर दहा हजार व्होल्ट असू शकतात, हा आकडा ऐकून माणूस दचकतो. पण प्रभार असतो एका कूलोमचा दहा लाखावा भाग, आणि ऊर्जा असते सरकीचे दहा-बारा दाणे अर्धा मीटर वर उचलायला लागेल तेवढी. ती ठिणगीतच संपते. तिने सांधे दुखत नाहीत आणि रक्तदाबही वाढत नाही. हीच स्थितिक विद्युत दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुरातील राख ओढून घेते आणि तालुक्याच्या गावी सातबाऱ्याची झेरॉक्स काढून देते. तिला विष ठरवणे हे अज्ञान आहे.

तांब्याच्या कड्याबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. जमिनीला न जोडलेला धातू अंगावर घातला, तर शरीराबरोबर तोही प्रभारित होतो, एवढेच. अनवाणी चालल्याने प्रभार जातो, हे बरोबर आहे. पण तो क्षणात जातो आणि पुन्हा खुर्चीवरून उठताना येतो, त्यात औषध काही नाही.

पेट्रोल पंपाचा मुद्दा निम्मा खरा आहे, हे कबूल करावे लागते. पेट्रोलच्या वाफेला पेट घ्यायला एक मिलिज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते आणि अंगावरच्या ठिणगीत तिच्या कितीतरी पट असू शकते. पण त्यासाठी मोबाईल वाजावा लागत नाही. फवारणी पंपासाठी पेट्रोल नेताना कॅन हातात किंवा टेम्पोच्या हौद्यात धरून भरू नये, जमिनीवर ठेवून भरावी, आणि तीही पंपावर चालत असेल अशा धातूच्या किंवा मान्यताप्राप्त कॅनमध्येच. नळीला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. टँकर रिकामा करताना त्याला आधी तारेची क्लिप लावतात, ती याचसाठी.

राहिली ती पायाची तार. सॉकेटचे वरचे छिद्र अर्थिंगचे असते हे खरे, पण ते अर्थिंग खरेच काम करते की नाही, हे कोणी तपासले? मावशीच्या घरी मी टेस्ट लॅम्प लावून पाहिला. फेज आणि न्यूट्रलवर दिवा लख्ख लागला. फेज आणि अर्थिंगवर नुसता मिणमिणला. ओट्याबाहेरचा अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होता आणि त्यातली पट्टी गंजून तुटायला आली होती. अशा घरात फ्रिजच्या किंवा पाण्याच्या मोटारीच्या बॉडीत करंट उतरला, तर तो जमिनीत जात नाही. घरातल्या सगळ्या अर्थिंगच्या तारेवर २३० व्होल्ट येऊन थांबतात, आणि ती तार रात्रभर झोपलेल्या बाईच्या घोट्याला बांधलेली असते. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडणारे ईएलसीबीही नव्हते.

मेन स्विच बंद करून तार मी स्वतः काढली. दुसऱ्या दिवशी गावातल्या वायरमनकडून खड्डा नव्याने खोदून घेतला, मीठ-कोळसा भरला, नवी पट्टी टाकली आणि बोर्डावर ईएलसीबी बसवले. मावशीने काढलेली तार गुंडाळून फडताळात ठेवली, आणि मग संदेश पाठवणाऱ्या भाच्याला फोन लावून, मी शेजारी बसलेला असताना, वीज पडलेल्या माणसाला शेणात पुरायचे नसते, हे त्याला दोनदा सांगितले.