नकाशावर हिरवं, शेंगेत पोकळ

लिंकन, नेब्रास्का

२०२३ साली महाराष्ट्रानं आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि दहा दिवसांत आणखी १,०२१ महसुली मंडळांना सवलती दिल्या. वगळलेल्या तालुक्यांतून तेव्हा एकच ओरड होती: उपग्रहानं घात केला. माझ्या मते उपग्रहाला उगाच बोल लावला जातो. खोट त्याच्या जोडीला शेतातून दर आठवड्याला काही येत नाही, ही आहे.

उपग्रहाच्या चित्रांवरून काढला जाणारा एनडीव्हीआय हा निर्देशांक फक्त हिरवेपणा मोजतो. दाणे भरताना तीन आठवडे उघडीप पडली तर सोयाबीनची पानं हिरवीच राहतात, पण शेंगा चपट्या निघतात. नकाशाला हे कळेपर्यंत पीक गेलेलं असतं. त्यात मोडिस या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याचा २५० मीटरचा एक चौकोन म्हणजे साडेपंधरा एकर. आपली सरासरी जमीनधारणा सव्वातीन एकरांच्या आसपास, म्हणजे त्या एका चौकोनात चार-पाच खातेदारांची शेतं, कुणाचा ऊस, बांधावरच्या बाभळी, सगळं एकात. सेंटिनेल-२ हा दुसरा उपग्रह दहा मीटरपर्यंत उतरतो, पण ऑगस्टच्या ढगांपुढे त्याचंही काही चालत नाही.

इथला, म्हणजे अमेरिकेचा, दुष्काळ-नकाशा १९९९ पासून दर आठवड्याला निघतो. मंगळवार सकाळपर्यंतची माहिती धरायची, गुरुवारी जाहीर करायचा. पाऊस, मातीतला ओलावा, नद्यांचे प्रवाह हे सगळं असतंच. शिवाय ठिकठिकाणचे निरीक्षक कळवतात, आणि शेवटची रेघ माणूस ओढतो. चराईच्या हंगामात काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, ‘डी३’ या अतितीव्र दुष्काळाच्या श्रेणीत गेली की पशुपालक चारा-मदतीला पात्र ठरतात. त्यामुळे दबाव इथेही येतो, भाबडं राहायचं कारण नाही.

आपल्याकडे २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनुसार १० टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते, पण ती पाऊस, उपग्रह वगैरे आधीचे निकष लागू झाल्यावर. ३३ टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान भरलं तर मध्यम दुष्काळ, ५० च्या वर तीव्र. खरिपाची घोषणा ३० ऑक्टोबरपर्यंत. तोवर बऱ्याच ठिकाणी सोयाबीन काढून झालेलं असतं. मग पाहायचं काय, धसकटं?

गावात एक जण नेमला तरी पुरे. दर सोमवारी त्याच जागेवरून, त्याच दिशेनं फोटो. बांधाकडच्या चार ओळी सोडून पाच ठिकाणची दोन-दोन झाडं घ्यायची. भरलेल्या आणि चपट्या शेंगा वेगळ्या मोजायच्या. वीतभर खोल माती काढून मुठीत दाबायची, गोळा होतो की भुगा, ते लिहायचं. पर्जन्यमापक झाडापासून त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब. पाऊस नसेल तेव्हा शून्य लिहायचं; रकाना कोरा सोडला तर पडला नाही की पाहिला नाही, हे कुणालाच सांगता येत नाही.

इथल्या व्यवस्थेतही एक दुखणं आहे: लोक वाईट असतं तेव्हाच कळवतात. म्हणून बऱ्या आठवड्यांच्या नोंदीही मागाव्या लागतात. आपल्याकडे त्या पेरणीपासूनच हव्यात. ऑगस्टच्या उघडिपीत फोटोंचा पूर येतो, पण ताडून पाहायला जुलैचा एकही नसतो.